तुम्ही विचारलंत म्हणून : स्नायूंच्या अभ्यासाला मासा कशाला?

"तुम्ही स्नायूंवर काम करता ना, मग मासे कशाला?" हा प्रश्न ठरलेला आणि त्यामागून येणारा दुसराही ठरलेलाच: "माणसाला त्याचा काय उपयोग?"

पटकन द्यायचं उत्तर असं की झेब्राफिश या बोटभर पट्टेरी माशाचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. अंडं फळून एक दिवस होतो न होतो तोच ते अंड्यातल्या अंड्यात शेपूट झटकू लागतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळं जिवंत दिसतं. हे खरंच आहे. पण मला मासा आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी.

स्नायू आकसायचा तर पेशीत कॅल्शियम वाढावं लागतं. हृदयाला त्यातलं थोडं बाहेरून लागतंच. द्रावणात कॅल्शियम नसेल तर बेडकाचं हृदय थांबतं, हे सिडनी रिंगर या ब्रिटिश वैद्यांनी 1880च्या दशकातच दाखवलं होतं. हातापायांच्या स्नायूंचं तसं नाही. बाहेर कॅल्शियम नसलं तरी ते काही काळ झटके देत राहतात. त्यांच्या पेशीपटलावरचं कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियमची वाट असलेलं प्रथिन, विजेचा बदल ओळखतं आणि पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावरच्या रायनोडिन रिसेप्टरला, म्हणजे साठ्याच्या झडपेला, धक्का देऊन ती उघडतं. दाराची कडी वाजली की आतलं माणूस उठतं, दार उघडावं लागत नाही, तसंच काहीसं.

गंमत अशी की सस्तन प्राण्यांत हे दार तरीही किंचित, रेंगाळत उघडतं. का? यावर बराच काथ्याकूट झाला. मग 2010 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या गटाने दाखवलं की झेब्राफिशच्या स्नायूंत त्या चॅनेलमधून कॅल्शियम जातच नाही. तांबड्या आणि पांढऱ्या स्नायूंत या प्रथिनाचे दोन निरनिराळे प्रकार आहेत आणि दोन्हींची वाट बंद आहे. मासा मात्र झकास पोहतो. 2017 मध्ये त्याच गटाने उंदराच्या चॅनेलमधलं एकच अमिनो आम्ल बदलून त्याचीही वाट बंद केली. त्या उंदरांच्या स्नायूंच्या कामात काही उणं दिसलं नाही. उंदराबद्दलचा हा प्रश्न इतका थेट विचारता आला, कारण मासा आधीच त्या प्रवाहाशिवाय जगत होता.

'रिलॅक्स्ड' (सैलावलेलं) नावाचं माशातलं एक उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, आहे. त्यात स्नायूंच्या या चॅनेलचा बीटा उपघटक, म्हणजे त्याचा एक भाग, नसतो. असं पिल्लू काचेवर ठेवून शेपटीला बारीक केस लावा, काहीच होत नाही. छातीत हृदय मात्र धडधडत असतं आणि रक्तपेशी सरसर धावताना दिसतात, कारण हृदयाचं चॅनेल वेगळं. 'अकॉर्डियन' (भात्याचं वाद्य) या दुसऱ्या उत्परिवर्तनाचं उलट: कॅल्शियम परत साठ्यात ओढणारा पंप बिघडलेला, त्यामुळे स्पर्श केला की दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आकसतात आणि पिल्लू लांबीने आखूड होतं. ही नावं देणाऱ्यांना विनोदबुद्धी होती, एवढं नक्की.

राहिला उपयोग. भूल दिल्यावर काही रुग्णांचे स्नायू ताठरतात आणि अंग झपाट्याने तापतं. हा धोका ज्या जनुकांमुळे संभवतो त्यांत रायनोडिन रिसेप्टरचं आणि स्नायूंच्या याच चॅनेलचं जनुक येतं. साठा नको तेव्हा का उघडतो, हे माशात बघता येतं. पण चॅनेलमधून आत शिरणाऱ्या कॅल्शियमबद्दलच काही तपासायचं असेल, तर माशात तो प्रवाहच नाही. तिथे मीही मुकाट्याने उंदराकडे वळते.