काठावरची मरळ गाठायला कयाक

कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची लहानशी अरुंद होडी, घ्यायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना वाटलं, मला तलावाच्या मधोमध जायचंय. मला हवा होता काठ. नागपूरच्या आसपासच्या मोठ्या तलावांना काठ भरपूर आहे, पण गळ घेऊन उभं राहता येईल अशी जागा फार थोडी. बाकी सगळीकडे बेशरमाची झुडपं, पाणकणीस आणि त्यांच्यापुढे गुडघाभर चिखल. जमिनीवरून तिथे पोचता येत नाही आणि मरळ नेमकी तिथेच दबा धरून बसते.

ही कल्पना मला अमेरिकेतल्या बास नावाच्या माशाच्या मासेमारीचे व्हिडिओ बघताना सुचली. तिकडे मोठ्या तलावांत लोक कयाक घेऊन काठाकाठानं हिंडतात, पाणवनस्पतींच्या कडेला गळ टाकतात आणि आडोशाला लपलेला बास झडप घालतो. आपल्याकडच्या तलावांत बास नाही. पण मरळीची शिकारीची रीत तीच: आडोशाला निश्चल थांबायचं आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यात आला की घ्यायचा. तंत्र आपल्याकडे चालेल अशी माझी खात्री होती.

वल्हवायला शिकलो रामटेकजवळच्या खिंडसीला. सूर नदीवर बांध घालून १९१३ साली झालेला हा तलाव, तिथे नौकाविहाराची सोय आहे. वल्हवणं लवकर जमतं. खरा सराव होता उलटल्यावर परत चढण्याचा. वर बसायची कयाक उलटली तर आधी ती सरळ करायची, मग पाय मागे मारत शरीर पाण्यावर आडवं आणायचं, पोटावर कयाकवर ओढून घ्यायचं आणि शेवटी वळून बसायचं. हे मी छातीएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घट्ट बांधून, सोबतीला मित्र उभा करून पुन्हा पुन्हा केलं. हात न डगमगता ते होऊ लागेपर्यंत कयाकमध्ये गळ ठेवला नाही. काठाजवळच तर राहायचंय, असं म्हणून हा भाग कोणी सोडू नये. काठाजवळच्या गाळात पाय रुततो आणि झुडपांच्या मुळांत अडकतो.

परवानगीची वाट वेगळी. तोतलाडोहचा तर विचारच नको, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. इतर जलाशयांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असते. मासळीचं बीज संस्था सोडते, त्यावर गावातल्या ढिवर कुटुंबांचं पोट असतं. म्हणून मी आधी संस्थेच्या एका जुन्या सभासद काकांना जाऊन भेटलो. मासा विकणार नाही, जाळ्यांच्या आणि शिंगाड्याच्या जागेत शिरणार नाही, ठेवलेल्या माशाचे पैसे वजनानं देईन, असं ठरलं. काकांनी माझी कयाक हातानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, वल्हं डोंग्याले लागू देऊ नको. मरळ कानानं नाई, आंगानं आयकते." माशाला आतले कान असतात, पण काकांच्या बोलण्यात तथ्य आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, पाण्यातला बारीकसा हादराही तिला कळतो. मी वल्ह्याच्या दांड्याला आणि कयाकच्या कडांना जुन्या सायकल ट्यूबचे पट्टे गुंडाळले. नांगरही टाकत नाही. बांबूची काठी गाळात हळूच खुपसायची आणि कयाक तिला बांधायची. उथळ पाण्यात याहून चांगलं काही नाही.

काठ ओळखायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला. कालव्याला पाणी सुटलं की जलाशयाचा काठ सरकत जातो. दिवाळीनंतर जिथे मी वल्हवत होतो तिथे एप्रिलमध्ये गाळपेराची शेतं होती. उघड्या पडलेल्या जमिनीवर मी मुद्दाम चालत फिरलो. बुडालेली खोडं, जुने बांध, नाल्याचे पट्टे डोक्यात बसवले. पुढच्या वर्षी त्यावर पाणी चढलं तेव्हा खाली काय आहे ते मला ठाऊक होतं.

थंडीत मरळ सुस्त असते. मार्चपासून पाणी तापू लागलं की हालचाल दिसते. पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, कारण मोकळ्या पाण्यावर वारा उठला की एवढीशी कयाक तो सांगेल तिकडे जाते. झुडपांपासून थोडं दूर थांबून पाण्याकडे बघत राहायचं. मरळीला वरची हवा घ्यावीच लागते, नाही घेता आली तर ती पाण्यातही गुदमरते. ती वर येते, पाण्यावर एक गोल उमटतो, आणि तिची जागा कळते. मग पोकळ रबरी बेडूक त्या गोलाच्या पलीकडे टाकायचा आणि थांबत थांबत ओढत आणायचा. त्याचे हुक पाठीला चिकटून असतात, म्हणून तो पाणवेलीत अडकत नाही. झडप पडली की लगेच हिसका द्यायचा नाही, बेडूक तोंडात पूर्ण जाऊ द्यायचा. मग मात्र दोरा ढिला सोडायचा नाही, कारण ती थेट मुळांत घुसते. मासा नेहमी कयाकच्या नाकासमोर खेळवायचा. तो कुशीला आला की तोल जातो.

पहिली मरळ हाताशी आली तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो होतो, तो आनंद अजून अंगात आहे. बासचा खालचा जबडा अंगठ्यानं धरून लोक फोटो काढतात, ते इथे करायचं नाही. मरळीचे दात बोट फाडतात. पकड आणि लांब चिमटा हाताशी हवाच.

पावसाळ्यात एक पट्टा मी पूर्ण सोडून देतो. विणीनंतर लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुड करत फिरतो आणि आईबाप खालून राखण करतात. त्या घोळक्यावर टाकलेल्या गळाला राखणदार मरळ हमखास धावते, भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. ती काढली की बाकीचे मासे काही वेळात पिल्लं संपवतात. असा घोळका दिसला की मी काकांना जागा कळवतो, आणि ते त्या बाजूला जाळी लावणं थांबवतात.