यूलमुस्त, नीरा आणि तळघरातली एक बाटली

30 नोव्हेंबर, रविवार

आज पहिला अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांमधला पहिला, आणि इथे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, आजपर्यंत एकूण एक खिडकीत कागदी चांदणी नाहीतर ती सात दिव्यांची कमान लागलेली असते, आमच्याही लागली. साडेतीनला अंधार पडला की रस्त्यावरून चालताना सगळ्या बिल्डिंगी त्या खिडक्यांनीच उजळलेल्या दिसतात, मला हा दिवस फार आवडतो.

लेक सकाळपासून मागे लागली होती, आई आज ना, आज उघडायची ना, कारण दुकानात यूलमुस्त येऊन बरेच दिवस झालेत पण आमच्या घरात पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधी बाटली उघडायची नाही असा नियम आहे. नियम मीच केलाय. आमची आजी अक्षयतृतीयेच्या आधी आंबा तोंडात घालू द्यायची नाही, बहुतेक ते माझ्यात कुठेतरी राहिलंय.

तर यूलमुस्त. यूल म्हणजे नाताळ आणि मुस्त म्हणजे फळांचा रस, पण ह्यात फळ वगैरे काही नाही, दिसायला कोकसारखंच काळं कोल्ड्रिंक, आत पाणी, साखर, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्सचा म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा अर्क, आणि मसाले. नऊ वर्षांपूर्वी ऑफिसच्या नाताळच्या जेवणात पहिल्यांदा प्यायले होते, नवीन होते, कोणाशी काय बोलायचं कळत नव्हतं, टेबलावर पाच-सहा प्रकारचे मासे लोणच्यासारखे मुरवलेले, मी बटाटे आणि ब्रेड घेऊन बसले आणि कोक समजून ग्लास तोंडाला लावला. थेट ज्येष्ठमधाचा काढा आठवला, त्यात कुणीतरी काकवी आणि सोडा ओतल्यासारखा. ग्लास तसाच ठेवला. पुढच्या वर्षी अर्धा प्यायले. तिसऱ्या वर्षी आम्ही डिसेंबरात भारतात होतो आणि एका संध्याकाळी पालघरला आईच्या ओट्यापाशी उभी असताना मला अचानक त्या चवीची आठवण आली, इतकी की तोंडाला पाणी सुटलं, आणि तेव्हा मला कळलं की आपण आता ह्या गावचे पण झालोय.

बाटली उघडताना घाई करायची नाही, हे लेकीला आता बरोब्बर कळतं. प्रचंड फेस येतो, बिअरसारखा, हॉप्स आणि माल्टमुळे. झाकण जरा सैल करायचं, थांबायचं, परत जरा. ती ओट्याला नाक लावून फेस वर येताना बघत होती. मग तिघांनी स्टीलच्या फुलपात्रांतून प्यायलं, काचेच्या ग्लासात मला ते गारच लागत नाही.

6 डिसेंबर

ह्या वर्षी लेकीने ठरवलंय की मिळतील तेवढी सगळी यूलमुस्तं चाखायची आणि वहीत लिहायची. मला ही कल्पना इतकी आवडली की आज मी तिच्याबरोबर तीन दुकानं फिरले, ट्रामने, बारीक पावसात. सगळीकडे मिळणारं अपोतेकार्नेस, मग नीगोर्दा, मग उत्तरेकडच्या सेउनेर्त्सचं, एक बिनसाखरेचं, आणि एक ह्याच वर्षापुरतं काढलेलं संत्र्याच्या चवीचं. अशी ह्या-वर्षापुरती असलेली बाटली दिसली की लोकं हमखास उचलतात, मी पण उचलते. इथे ब्लोसा नावाची कंपनी 2003 पासून दर वर्षी ग्लोगचा, म्हणजे त्या गरम मसाला वाइनचा, एक वेगळा स्वाद आणि वेगळी बाटली काढते, पहिल्या वर्षी क्लेमेंटाइन संत्र्याचा होता, आणि लोकांच्या घरी शेल्फवर त्या रिकाम्या बाटल्या वर्षाच्या क्रमाने लावलेल्या बघितल्यात मी.

लेकीचा प्रश्न असा होता की सगळी यूलमुस्तंच आहेत तर वेगळी कशी लागतात. म्हणून आम्ही बसून शोधलं, आणि गोष्ट छान निघाली. 1910 साली ओरेब्रू नावाच्या गावात हॅरी रॉबर्ट्स आणि त्यांचे वडील ह्यांनी हे पेय तयार केलं. हॅरी जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले होते. नाताळात लोकं बिअर पितात, तर बिअरच्या जागी ठेवता येईल असं बिनदारूचं काहीतरी असावं हा हेतू, म्हणून तर हॉप्स, म्हणून माल्ट, म्हणून तो फेस. आणि अजूनही ओरेब्रूला रॉबर्ट्सच्याच कारखान्यात तो अर्क बनतो, कृती गुप्त आहे, आणि तो अर्क वेगवेगळ्या कारखान्यांना जातो, ते आपापलं पाणी, आपापली साखर आणि गॅस घालून बाटल्या भरतात. मी तिला सांगितलं, आजी गोडा मसाला करून मला पण पाठवते आणि मावशीला पण पाठवते, पण मावशीची आमटी आणि माझी आमटी सारखी लागते का? तिला लगेच पटलं. मावशीची जास्त चांगली लागते म्हणाली, ते खरंच आहे.

वहीतले निकाल लिहून ठेवते. अपोतेकार्नेस, "आपलं नेहमीचं", पाच चांदण्या. ह्या नावाचा अर्थच औषधवाल्यांचं असा होतो हे आज नवऱ्याने सांगितलं, माझा नऊ वर्षांपूर्वीचा काढा आठवला. नीगोर्दा जरा कमी गोड, मसाला पुढे येतो, मला हेच जास्त आवडलं, जिभेवर मागे लवंगेसारखं काहीतरी राहतं. सेउनेर्त्समध्ये माल्ट ठळक लागतं, भाजलेल्या धान्याच्या वासासारखं, नाचणी भाजताना येतो तसा. बिनसाखरेचं नको. संत्र्याचं दोघींनाही आवडलं नाही, संत्रं चांगलं होतं पण ते आलं की बाकीचं सगळं गप्प बसतं, आणि मला वाटतं ज्या पेयात मसाला मुख्य आहे त्याच्यावर फळ चढवू नये. तरी आणलं ह्याचं वाईट वाटलं नाही. पुढच्या वर्षी ते नसेल कदाचित, आणि तिच्या वहीत मात्र असेल.

13 डिसेंबर

लुसिया, इथला डिसेंबरातला दिव्यांचा सण. सकाळी अंधारात शाळेत पोरं पांढरे झगे घालून मेणबत्त्या घेऊन गात आली, लेक तिसरी, डोक्याला चकचकीत पट्टी. रडू आलं मला, दर वर्षी येतं. नंतर केशराचे पाव आणि पोरांना यूलमुस्त. केशर इथे वर्षभर कोणी फारसं वापरत नाही पण डिसेंबरात घराघरात केशराचा वास, आपल्याकडे कोजागिरीला येतो तसा.

24 डिसेंबर

आज खालच्या मजल्यावरच्या आजींनी जेवायला बोलवलं होतं, त्यांची मुलं ह्या वर्षी येऊ शकली नाहीत. मी मटार भात आणि करंज्या नेल्या. त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम मासे-मांस नसलेलं बरंच केलेलं, लाल कोबी, बटाटे, बीटची कोशिंबीर, आणि शेवटी तांदळाची दुधातली खीर, वर दालचिनी, आत एकच बदाम लपवलेला. बदाम नवऱ्याला आला.

टेबलावर दारू नव्हती, यूलमुस्तच होतं, छोट्या काचेच्या बाटल्यांमधलं. मी लेकीच्या वहीबद्दल सांगितलं तर आजी खुलल्याच. म्हणाल्या आमच्या लहानपणी दारूचं रेशनकार्ड होतं. खरंच होतं, 1955 पर्यंत, त्या पुस्तकात शिक्का मारून ठरलेलीच दारू मिळायची, आणि लग्न झालेल्या बाईला स्वतःचं पुस्तक मिळायचंच नाही, नवऱ्याचंच. त्याच्या आधी 1922 ला तर संपूर्ण दारूबंदी करायची का ह्यावर देशभर मतदान झालं होतं आणि बंदी नको म्हणणारे जेमतेम 51 टक्के निघाले. आजींच्या घरात वडील पुस्तकावरची बाटली आणायचे आणि आई यूलमुस्त आणायची, आणि नाताळचं टेबल कोणाचं हे त्यावरून कळायचं, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्या ग्लास दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मी इतकी वर्षं हे फक्त सणाचं कोल्ड्रिंक समजत होते.

आता मला आकडे पण वेगळे दिसतात. ह्या देशात 1 कोटीच्या आसपास माणसं, आणि एका डिसेंबरात साधारण 4.5 कोटी लिटर यूलमुस्त पितात, महिन्याभरात जितकं कोल्ड्रिंक खपतं त्यातलं जवळजवळ अर्धं हेच. कोकचा खप ह्याच दिवसांत इथे खाली येतो. जगभर कोकच्या जाहिरातीतला तो गुबगुबीत लाल सांता ज्यांनी 1931 पासून रंगवला ते हॅडन सुंडब्लोम जन्माने अमेरिकन, पण घर स्वीडिश बोलणारं होतं, आणि त्याच स्वीडिश लोकांच्या नाताळच्या टेबलावर मात्र ओरेब्रूची बाटली. मला ह्याचं फार कौतुक वाटतं. एका गावातल्या बापलेकाने काढलेली चव शंभरावर वर्षं टिकली.

2 जानेवारी

आईशी व्हिडिओ कॉल. यूलमुस्त म्हणजे काय ते तिला परत सांगत होते, हॉप्स म्हटल्यावर "अगं म्हणजे बिअरच ना ती, पोरीला काय देतेस" म्हणाली, मग मी सगळी गोष्ट सांगितली, रेशनकार्ड, मतदान, बिअरच्या जागी काहीतरी. ती जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तुमची ती नीराच की."

मला हे नऊ वर्षांत सुचलं नव्हतं!

नाताळच्या सुट्टीत आजोबा मला पहाटे उठवून स्टेशनवर न्यायचे, स्वेटर, कानटोपी, प्लॅटफॉर्मवरच्या नीरेच्या स्टॉलवर. थंडीतली नीरा गोड असते, उन्ह चढायच्या आत प्यायची, नाहीतर आंबते आणि आंबली की ताडी. म्हणून तर झाडाला बांधायच्या मडक्याला आतून चुना लावतात. आजोबा पक्के दारूच्या विरोधातले, ते सांगायचे की गांधीजींच्या लोकांनी ताडीच्या जागी नीरा पुढे आणली, झाड तेच, माणूस तोच, फक्त वेळेवर उतरवायची. मी पेला दोन्ही हातांनी धरायचे कारण तो गार असायचा आणि बोटं पण गार. परवा आजींचे हात बघून मला काय आठवत होतं ते आज कळलं.

माझ्या लेकीने नीरा कधी प्यायली नाही. आम्ही बहुतेक जूनमध्ये जातो, शाळेच्या सुट्टीत. गेलोही डिसेंबरात तरी पहाटे उठून स्टेशनवर नेणारे आजोबा नाहीत, मला न्यावं लागेल. आणि ती पिऊन म्हणेल हे कसलं पाणी, तिची थंडी तर काळ्या फेसाळ पेयाची आहे. ह्याचं मला आज दिवसभर थोडं वाईट वाटत राहिलं, आणि थोडं बरं पण वाटलं, दोन्ही. नीरा मी तिच्यासाठी इथे आणूच शकत नाही, ती चव दुपारपर्यंत सुद्धा थांबत नाही.

दुकानात यूलमुस्त अर्ध्या किमतीत आलंय, मोठ्या बाटल्यांचा ढीग. एप्रिलमध्ये हेच पेय पोस्कमुस्त नावाने परत येईल, ईस्टरचं लेबल, पिवळी कोंबडीची पिल्लं, आत तेच. मागच्या ईस्टरला आणलं होतं. रात्री आठला उजेड, खिडकी उघडी, आणि आम्ही दोघींनी अर्धा-अर्धा ग्लास पिऊन बाकी नवऱ्याला दिलं. काहीच चुकीचं नव्हतं त्यात, बाहेर अंधार तेवढा नव्हता.

13 जानेवारी

आज कनूतचा दिवस, म्हणजे नाताळापासूनचा विसावा दिवस, आज इथे झाड बाहेर काढतात, चांदण्या उतरवतात. आपल्याकडे भोगी. मी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली, भाजी इथे मिळतील त्या भाज्यांची, पण तीळ भरपूर. उद्याचे तिळाचे लाडू पण वळून झाले, अर्धे खालच्या आजींना देऊन आले, गोड गोड बोलायचं ते स्वीडिशमध्ये सांगितलं, त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती, की काचेच्या बाटलीतलं यूलमुस्त वर्षभर ठेवता येतं, अंधारात, थंड जागी, लोकं मुद्दाम ठेवतात आणि पुढच्या डिसेंबरला जुनं म्हणून पितात, चव मुरते त्यात. त्यांनी दोन बाटल्या दिल्यासुद्धा.

एक आम्ही आज रात्री तिळाच्या लाडवाबरोबर प्यायलो. काय सुंदर लागतं ते, गूळ आणि माल्ट, तीळ आणि तो मसाला, नवरा म्हणाला हे आधी का नाही केलं. दुसरी लेकीने वर्तमानपत्रात गुंडाळली, वर स्केचपेनने तारीख लिहिली, आणि आम्ही दोघी टॉर्च घेऊन तळघरातल्या आमच्या स्टोअररूममध्ये ठेवून आलो, सुटकेसांच्या मागे. ह्या डिसेंबरला आई पहिल्यांदा थंडीत इकडे येतेय, तिकिटं मार्चमध्ये काढायची आहेत. लेक जिन्यात विचारत होती, आजीला फेस उडालेला आवडेल की नाही. मी म्हटलं हळू उघडायचं तूच शिकव.