वर बर्फ कडक आणि खाली दूध नासतंय? गॅस भरायच्या आधी हे बघा

फ्रिज गार करेनासा झाला की सगळ्यात आधी कानावर पडतं ते म्हणजे "गॅस गेला असेल". आमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने पण दार उघडलं, आत हात घातला आणि हेच सांगितलं, मागचं पॅनेल उघडणं तर सोडाच, फ्रिज पुढे ओढून पण बघितला नाही. मला काही पटेना, कारण फ्रीजरमधला बर्फ पहिल्यासारखाच कडक होता आणि खालच्या कप्प्यात मात्र दूध नासत होतं, भाज्या मऊ पडत होत्या. गॅस संपला म्हणावा तर वर बर्फ कसा काय होतोय?

डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज असेल तर एक गोष्ट समजून घ्या, अर्धं काम तिथेच होतं. बहुतेक मॉडेलमध्ये थंडी तयार होते ती एकाच ठिकाणी, फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलच्या आड एक कॉईल असते तिथे. खालच्या भागात स्वतःची वेगळी कॉईल नसतेच, वरचीच गार हवा एक छोटा फॅन डक्टमधून खाली ढकलतो. त्यामुळे वर व्यवस्थित गार आणि खाली गरम असेल तर थंडी तयार होतीये पण खाली पोचत नाहीये, म्हणजे शंका आधी हवेच्या वाटेवर घ्यायची, गॅसवर नाही. गॅस थोडा कमी झाला तरी कधीकधी खालचा भाग आधी गरम होतो हे खरं आहे, पण तेव्हा फ्रीजर पण हळूहळू ढिला पडतो, आइस्क्रीम मऊ राहायला लागतं.

हवा का अडते? एक तर फॅन बंद पडलेला असतो. दार उघडलं की बऱ्याच फ्रिजमध्ये फॅन आपोआप थांबतो, म्हणून दार उघडून आवाज नाही आला तर लगेच फॅन गेला असं समजू नका, दाराचं बटण बोटाने दाबून धरा आणि मग ऐका (कॉम्प्रेसर चालू असताना बघायचं, नाहीतर काही फ्रिजमध्ये तेव्हाही फॅन थांबलेलाच असतो). कधी कधी तर एखादा मोठा डबा हवेच्या झरोक्याला चिकटून ठेवलेला असतो आणि एवढ्यावरून सगळं बिघडतं. पण नेहमीचं कारण म्हणजे मागच्या कॉईलवर साठलेला बर्फ. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते, ते बाष्प कॉईलवर गोठतं, आणि ते वितळवायला कॉईलखाली एक हीटर असतो जो दर काही तासांनी थोडा वेळ चालू होतो. हा हीटर किंवा त्याचा सेन्सर, फ्यूज, टायमर यातलं काहीही गेलं की बर्फ वाढत जातो आणि हवेला जायला जागाच उरत नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं आणि एक पैसा लागत नाही. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या, खाली जुने टॉवेल टाका कारण पाणी भरपूर येतं. पॅनेलवर पंखा लावला तरी चालेल पण सुरी, स्क्रूड्रायव्हर असलं काही घालून बर्फ खरवडू नका, कॉईलची नळी पातळ असते, एक भोक पडलं की खरंच गॅस जातो. सिंगल डोअरवाल्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवा, तिथे फ्रीजरची पेटी हीच कॉईल असते. मग फ्रिज परत चालू करा. खालचा भाग मस्त गार झाला आणि काही दिवसांनी परत तीच रड सुरू झाली, तर दोष डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे बर्फ वितळवायच्या त्या व्यवस्थेत आहे असं जवळजवळ धरूनच चाला.

आमच्याकडे अगदी हेच झालं. दुसऱ्या मेकॅनिकने पॅनेल काढलं तेव्हा कॉईल दिसतच नव्हती, नुसता पांढरा बर्फाचा ठोकळा, आणि फॅनची पाती त्याला घासून घासून एका बाजूने झिजलेली, तो खरखर आवाज आम्हाला आधीपासून येत होता. हीटरला मीटर लावला तर हीटर चांगला निघाला. मग त्याने बायमेटल, म्हणजे तापमानानुसार हीटरची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, तपासला, आणि इथे मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं कारण त्याने तो बर्फात दाबून ठेवला आणि मग मीटर लावला. बायमेटल खोलीच्या तापमानाला ओपनच (म्हणजे जोड तुटलेलाच) दाखवतो, तो चांगला असला तरी, गार झाल्यावरच जोडला जातो, आमचा बर्फात पण ओपनच राहिला. तेवढा छोटासा पार्ट बदलला, गॅसला हात पण लावला नाही.

आता वर आणि खाली दोन्हीकडे गरम असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मागे जाऊन कॉम्प्रेसर ऐका. सारखा चालतोय पण गार होत नाही, तर कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर, धूळ बसलीये का, फ्रिज भिंतीला चिकटलाय का, दाराचं रबर सैल झालंय का ते बघा (कागद दारात पकडून ओढा, सहज निघाला तर रबर गेलं). काही मिनिटांनी एकदा टक् असा आवाज येऊन परत सगळं शांत होत असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) त्याला बंद करतोय, कारण रिले किंवा कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू करायला मदत करणारे पार्ट), कमी व्होल्टेज किंवा मग कॉम्प्रेसर स्वतःच.

आणि खरंच गॅस कमी निघाला, म्हणजे पॅनेल काढल्यावर कॉईलच्या पहिल्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉईल कोरडी दिसली, तर नुसता गॅस भरून घेऊ नका. गॅस बंद नळ्यांमध्येच फिरतो, तो वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. आधी लीक शोधायला लावा, मग फिल्टर बदलून, व्हॅक्यूम करून, वजनाने गॅस भरायला सांगा. आजकाल बऱ्याच फ्रिजमध्ये आर६००ए नावाचा गॅस असतो, तो ज्वलनशील आहे, त्यामुळे त्या नळ्यांना स्वतः अजिबात हात लावू नका.

रिपेअर झाल्यावर तासाभरात दार उघडून "अजून गार नाही" म्हणू नका, पूर्ण एक दिवस द्या. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा, सकाळी ३-४ डिग्री दाखवला की खालचा भाग ठीक आहे, आणि फ्रीजर उणे १८ च्या आसपास हवा.