मानवत नाही

"धिस चेअर इज इनअ‍ॅप्रोप्रिएट फॉर माय मदर."

सबमिट दाबणार तेवढ्यात पुन्हा वाचलं आणि हसूच फुटलं. खुर्चीने आईसमोर काहीतरी अचकट-विचकट केल्यासारखं वाटत होतं!

झालं एवढंच, की ऑनलाइन मागवलेली खुर्ची फारच बुटकी निघाली. आईचे गुडघे असे, की उठताना एका हाताने टेबलाची कड आणि दुसऱ्या हाताने मी. रिटर्नचं कारण मात्र इंग्रजीतच हवं.

मग 'अनफिट' लिहिलं. तेही खोडलं. गिरगावात राहून तो शब्द खुर्चीला लावणं जिवावर येतं. इथे तो सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या, पाडायच्या इमारतींसाठी वापरतात.

शेवटी 'अनसुटेबल'. खुर्ची वाईट नाही, फक्त हिच्या कामाची नाही. बरोबर बसला.

आईला वाचून दाखवलं. मटार सोलता सोलता म्हणाली, "अगं, मला मानवत नाही म्हणून लिही की सरळ."

हवा मानवत नाही, पाणी मानवत नाही हे ऐकलं होतं. खुर्ची पहिल्यांदाच.

तेव्हापासून शोधतेय. 'मानवत नाही'ला इंग्रजीत काय म्हणाल?