जुनी मशिनं आणि कस्टम्स : आमची वाटचाल

वाळूजला जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शेडवाल्याला नवं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, परवडत नाही. आम्हीही त्यातलेच. म्हणून जपान-तैवानहून वापरलेल्या लेथ (धातू कातायची मशिनं) आणायच्या, त्यांचे स्पिंडल-बॉलस्क्रू हे फिरते-सरकते भाग तपासून चालू करून द्यायच्या, असा धंदा सुरू केला. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढला, न्हावा शेवा बंदरात माल सोडवून देणारा कस्टम्स ब्रोकर गाठला, बँकेनं कर्ज दिलं. इथवर सगळं सरळ झालं.

खरं काम कस्टम्सचं. बंदी म्हटलं की लोकांना हस्तिदंत आणि वाघाचं कातडं आठवतं. आमच्याकडं ती कुठंही निघते. जुनी लेथ भांडवली माल (उत्पादनासाठी लागणारी यंत्रं) म्हणून मोकळी. पण जुना डिझेल जनरेटर, एसी, संगणक निर्बंधित. डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना हाती आल्याशिवाय आणता येत नाही. भांडवली मालात न बसणारी कुठलीही जुनी वस्तू निर्बंधितच.

एका विक्रेत्यानं कंटेनरमध्ये जागा उरली म्हणून जुना जनरेटर आम्हाला न विचारता टाकून दिला, वर "भेट समजा" असा निरोप. कस्टम्सला भेटीचं काय कौतुक! १९६२च्या कस्टम्स कायद्यात अटी न पाळता आलेला मालही प्रतिबंधितच धरतात. दंड भरून तो सोडवण्यात अर्थ नव्हता, गेला. तोवर आमच्या लेथ बंदरात अडकल्या आणि भाडं चढत राहिलं, ते वेगळंच.

आता सील लागण्याआधी आतले फोटो आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. प्रत्येक नगाचा आठ आकडी कोड (कस्टम्स ज्यावरून मालाचा प्रकार ठरवतं तो) आणि चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट आधी मागवतो. लाकडी पॅलेटही बघतो: गव्हाच्या लोंबीचा शिक्का, देशाची दोन अक्षरं, खाली एचटी, म्हणजे लाकूड तापवून किडीमुक्त केलेलं. मशीन लाखोंचं असलं तरी कधी कधी तपासणी या फळकुटापाशीच अडते. आमच्या पोरांना पहिल्यांदा हे हास्यास्पद वाटलं होतं.

हल्ली जालना, लातूरकडून वेगळेच फोन येतात: "भाऊ, फवारणीचे दोन ड्रोन चीनहून आणून द्या ना." ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं तेवढी वगळलीत, तीही परवानगी घेऊन. सुटे भाग मोकळे. जोडणी इथं करणाऱ्यांकडून घ्या, असं सांगतो. गिऱ्हाईक नाराज होतं. होऊ दे.