जिम्नीचं पोट आणि भातखाचराचा बांध

जिम्नी, म्हणजे मारुती सुझुकीची चारही चाकांना ताकद देणारी छोटी गाडी, उचलून (स्प्रिंगा बदलून उंच करून) घ्यावी की नाही, याबाबत ज्याच्याकडे जिम्नी नाही तोच सगळ्यात ठाम असतो. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत तर वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी मला सल्ला दिलाय. आता उचलून झाली, तेव्हा माझंही ऐका.

उचलायची ती पोटाखालच्या जागेसाठी, मिरवायला नाही. आपल्याकडे मिळाली ती पाच दारांची गाडी. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2250 मिमी, हिचा 2590. चढाला भिडताना पुढचा बंपर न घासण्याचा कोन, म्हणजे अप्रोच अँगल, 36 अंश, उतरताना मागचा, म्हणजे डिपार्चर, 47, दोन्हींबद्दल तक्रारीला जागा नाही. घोडं अडतं ते मधल्या कोनाशी. उंचवटा ओलांडताना पोट न घासता गाडी किती कोन सोसेल, ते त्यावरून ठरतं. तीन दारांत तो 28 अंश, हिच्यात 24.

चार अंशांनी काय होतं ते मुरबाडकडच्या शेतात कळतं. (शेत मामेसासऱ्यांचं, आणि आम्ही जातो ते लावणीच्या आधी. येऊरच्या जंगलात गाडी घालणाऱ्यांशी माझं पटत नाही.) भातखाचराचा बांध असतो गुडघाभरच, पण माथ्याला अरुंद आणि पावसाने मऊ झालेला. पुढची चाकं अलगद पलीकडे उतरतात, आपण खूश होतो, आणि तेवढ्यात सीटखालून खर्रर्र आवाज येतो. चासी बांधावर टेकलेली, चाकं चिखलात नुसती फिरतायत. अशा वेळी लो रेंज (सावकाश पण जास्त जोराचा गिअर) टाकूनही काही होत नाही. चाकांवर भारच नसेल तर पकड येणार कुठून? मग फावडं काढायचं आणि ज्यांचा बांध त्यांच्याच देखत तो खणायचा.

दोन इंच, म्हणजे 50 मिमी उचललं की माझ्या हिशोबाने हा कोन 28 च्या आसपास जातो. मला तेवढंच हवं होतं.

लोकांना वाटतं की लिफ्ट केली म्हणजे सगळी गाडी वर गेली. तसं नसतं. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे दोन चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे. स्प्रिंग उंच केली की चासी वर जाते, अ‍ॅक्सल जागचा हलत नाही. त्याच्या मधला डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा होता त्याच उंचीवर लोंबत राहतो, मग तुम्ही दोन इंच उचला नाहीतर सहा. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. तिथेही मिळतो अर्धाच फायदा, कारण व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच गाडी वर जाते. मूळच्या 195/80 आर15 चा व्यास साधारण 693 मिमी, 215/75 चा 704 च्या जवळ. म्हणजे गोळा वर जाणार जेमतेम 5 मिमी! मी टायर मूळ मापाचेच ठेवले, फक्त खोल नक्षीचे घेतले.

काम तुर्भे एमआयडीसीतल्या एका गॅरेजात केलं. आधी दुसरीकडे विचारलं होतं, तिथे स्प्रिंगवर स्पेसर (जाड चकती) ठेवून तासाभरात गाडी देतो म्हणाले. स्वस्त पडतं, पण शॉक (धक्के शोषणारा दांडा) मूळचाच राहतो, आणि चाक खाली लोंबलं की त्याची लांबी लवकर संपून ठोका बसतो. मी स्प्रिंग आणि शॉक दोन्ही बदलले, सोबत ब्रेकचे लांब होज (नळ्या). उंची वाढल्यावर पॅनहार्ड रॉड (आडवं सरकणं रोखणारा दांडा) अ‍ॅक्सलला किंचित एका बाजूला ओढतो, म्हणून तो कमीजास्त करता येणारा बसवला. कॅस्टरसाठी (स्टीअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) पुढच्या आर्मना, म्हणजे चासीला जोडणाऱ्या दांड्यांना, वेगळे बुश (रबरी सांधे) घातले. हे बुश टाळले तर वळणानंतर स्टीअरिंग आपसूक सरळ व्हायला कुरकुरतं, वेगात थरथरतं. चिखलात चालून जाईल, रोजच्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर नाही.

तिथल्या मिस्त्रींचं एक काम मी उकिडवी बसून पाहिलं. गाडी जॅकवर असताना त्यांनी आर्मचे बोल्ट नुसते हाताने लावले. मग गाडी चाकांवर उतरवली, बंपर धरून चार वेळा दाबली, आणि पाठीखाली पुठ्ठा घेऊन खाली सरकले. "ताई, लटकत्या चाकावर आवळलं ना, तर रबर पिळलेलंच राहतं. मग फाटतं." बुशचं रबर गाडीच्या वजनाखाली बसलेलं असताना आवळायचं असतं. हे ज्याला सांगावं लागतं त्याच्याकडे गाडी सोडू नये.

कायद्याकडे डोळेझाक करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. मी कामाला हात लावण्याआधी आरटीओत चौकशी केली, विमा कंपनीला लेखी कळवलं. अपघातानंतर क्लेमच्या वेळी हा विषय निघण्यापेक्षा ते बरं. जुन्या स्प्रिंगा कापडात गुंडाळून ठेवल्यात.

घरच्या आघाडीवर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दार उघडून विचारलं, "अगं, ही गाडी आहे की माळा?" फूटस्टेप लावली तर पोटाखालची जागा पुन्हा कमी होणार, त्यामुळे डिकीत प्लास्टिकचा पाट असतो. चढून झालं की त्या तो वरून माझ्या हातात देतात.

शेजारच्या विंगमधल्या एका मुलाला चार इंच हवेत. त्याला म्हटलं, चार इंचांत प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात, गुरुत्वमध्य वर जातो, आणि ही मुळातच अरुंद गाडी आहे. आडव्या उतारावर काय होईल बघ. तो म्हणाला, "काकू, मी कुठे उतारावर जातोय, मला पाम बीच रोडवर न्यायचीये." मग मी विषय वाढवला नाही.