गिलाव्याआधी थांबलेल्या इमारती आणि पेव्हर ब्लॉकचे काम

घरांच्या बाजारात मंदी आली की बांधकामावरचे सगळेच हात एकाच दिवशी रिकामे होत नाहीत. स्लॅबचे साचे उभारणारे सेंट्रिंगवाले आणि सळया बांधणारे फिटर आणखी काही महिने साइटवर दिसतात. आधी घरी बसतो तो गवंडी. गवंडीकामाचा लेबर ठेकेदार म्हणून पुण्याच्या आसपास काम करताना 2016 ते 2020 या काळात मी हे फार जवळून पाहिले. चाकण, मोशी, वाघोली, तळेगाव, कुठेही गेले तरी सात-सात, अकरा-अकरा मजल्यांचे सांगाडे उभे असत. सगळे स्लॅब पडलेले, आणि भिंती मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन थबकलेल्या.

या मंदीची कारणे वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचायला मिळाली आणि ती खरीही आहेत. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली, 1 मे 2017 पासून महारेरा (गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून जीएसटी लागू झाला, आणि सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तपुरवठादार समूहाने देणी थकवल्यानंतर वित्तसंस्थांनी बिल्डरांना कर्ज देताना हात आखडता घेतला. परंतु इमारती नेमक्या स्लॅब संपल्यावर आणि वीटकामाच्या तोंडावरच का अडतात, हे या कारणांतून उलगडत नाही. त्याचे उत्तर मला फ्लॅटच्या करारनाम्यात सापडले.

महारेराच्या नमुना करारनाम्यात ग्राहकाकडून कोणत्या टप्प्यापर्यंत एकूण किती रक्कम घेता येते, याच्या कमाल मर्यादा दिलेल्या आहेत. करारनामा झाल्यावर 30 टक्के, जोते पूर्ण झाल्यावर 45 टक्के आणि सर्व स्लॅब झाल्यावर 70 टक्के. त्यापुढच्या टप्प्यात भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे आणि खिडक्या येतात, आणि एवढे सगळे पूर्ण झाल्यावर मर्यादा सरकते ती फक्त 75 टक्क्यांपर्यंत. म्हणजे माझ्या माणसांचे जवळजवळ संपूर्ण काम ज्या टप्प्यात बसते, त्या टप्प्याला ग्राहकाकडून नव्याने येणारी रक्कम अवघी 5 टक्के असते. विक्री जोरात असते तेव्हा नव्या बुकिंगच्या पैशातून हा खड्डा भरून निघतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बुकिंग आटले की बिल्डर हप्ते वसूल होईपर्यंत स्लॅब टाकत राहतो आणि मग हात वर करतो. पूर्वी एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्यात फिरवून ही वेळ निभावली जाई. महारेरानंतर ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले आणि ती वाट अरुंद झाली. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती एका बिल्डरबद्दल आहे, ज्याने माझ्या बिलांतून काम पूर्ण होईपर्यंत हमी म्हणून कापून ठेवलेली 5 टक्के रिटेन्शनची रक्कम इमारत अपुरी आहे या सबबीवर आजवर दिलेली नाही; जणू ती इमारत मीच अपुरी ठेवली होती.

अशा दिवसांत माझी गँग टिकली ती पेव्हर ब्लॉकच्या कामावर. त्याचे कारण असे की या कामाचा पैसा वेगळ्या खिशातून येत होता. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी 2015 ते 2020 या काळात थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर जमा होत होता. त्याशिवाय ग्रामविकास विभागाच्या 2515 या लेखाशीर्षाखालची कामे आणि आमदार निधी होताच. गल्ली, मंदिराचे आवार, स्मशानभूमीचा रस्ता, शाळेचे पटांगण, सगळीकडे पेव्हर बसू लागले. त्या जोडीला राहत्या सोसायट्या, पेट्रोल पंप आणि मंगल कार्यालये होती. पंचायतीच्या कामात माझ्यासारखा माणूस बहुधा पोटठेकेदार असतो आणि पैसे मार्चअखेरच्या गर्दीत मोकळे होतात; सोसायटी मात्र काम पाहून दुसऱ्या आठवड्यात चेक देते. उचल मागणाऱ्या माणसांना शनिवारी तोंड दाखवायचे असेल, तर या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

वीट लावणाऱ्याला पेव्हर येणारच, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात गवंड्याच्या हाताला लागलेल्या सवयींपैकी निम्म्या इथे उपयोगी पडतात आणि निम्म्या आड येतात. लाइनदोरी, काटकोन पाहणे, उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ न देणे, हे त्याला शिकवावे लागत नाही. पण आयुष्यभर त्याने भरवसा ठेवलेला असतो तो थापीवरच्या मालावर, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणावर; पेव्हरला तो लागत नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ मिस्त्री पहिल्याच कामावर म्हणाले, "शेठ, मालाशिवाय काम म्हणजे धरून कोण ठेवणार याला?" आणि माझी नजर चुकवून त्यांनी ग्रिटमध्ये (ब्लॉकखाली पसरायच्या खडीच्या बारीक चुरीत) दोन घमेली सिमेंट मिसळायला सांगितलेही होते. त्यांच्या दृष्टीने ते काम मजबूत करत होते. मी त्यांना समजावण्याऐवजी दबाई झालेल्या भागातून, मधोमध असलेला एक ब्लॉक हाताने उपटून दाखवायला सांगितले. थापी घालून झाली, पहारीचे टोक लावून झाले, ब्लॉक हलेना. शेवटी तो फोडूनच काढावा लागला. त्यानंतर सिमेंटचा विषय निघाला नाही.

ब्लॉकला धरून ठेवते ती सांध्यांतली बारीक कोरडी वाळू आणि कडेचा कर्ब, म्हणजे पक्का बसवलेला काठ. दोन ब्लॉकांमध्ये 2 ते 4 मिलिमीटर फट राहते, तिच्यात वाळू झाडूने सारून प्लेट कॉम्पॅक्टर हे दबाईचे यंत्र फिरवले की एका ब्लॉकवरचे वजन शेजारच्यांवर वाटले जाते. कर्ब पक्का नसेल तर सगळा पट हळूहळू बाहेर सरकतो आणि सांधे उघडतात. खाली 20 ते 40 मिलिमीटरचा ग्रिटचा थर असतो, तो सारखा करण्यासाठी दोन पाइप समांतर ठेवून त्यांवरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढायची, पाइप उचलून त्यांच्या चऱ्या भरायच्या आणि तयार थरावर पाय न देता, आधी बसवलेल्या ब्लॉकांवर बसूनच पुढे सरकायचे. दिवसभर उभे राहून भिंत चढवणाऱ्या माणसाचे गुडघे या बैठकीला पहिले काही दिवस अक्षरशः नकार देतात. बिगाऱ्यांचे हाल निराळे: 60 मिलिमीटर जाडीचे ब्लॉक हजार चौरस फुटांना साधारण 13 टन भरतात, आणि ते ट्रकपासून जागेपर्यंत माणसांनीच वाहायचे असतात.

कडेचे तुकडे हा स्वतंत्र त्रासाचा विषय आहे. गवंडी थापीच्या एका फटक्यात वीट हवी तशी तोडतो. पेव्हर तसा तुटत नाही, त्याला कटर लागतो. कटरचे भाडे वाचवण्यासाठी कडेच्या फटी सिमेंटच्या मालाने भरल्या जातात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर उखडतात त्या नेमक्या तिथेच. तरीही कामाचा खरा निकाल ब्लॉकखाली लागतो. भारतीय मानक 15658 च्या 2006 च्या आवृत्तीत हलक्या वाहनांसाठी 60 मिलिमीटर जाडी आणि एम-35 ताकदीचे काँक्रीट, तर मध्यम रहदारीसाठी 80 मिलिमीटर आणि एम-40 असा हिशेब होता, पण खालची खडी दाबलेली नसेल तर 80 मिलिमीटरचा ब्लॉकही टेम्पो उभा राहतो त्या जागी बशीसारखा खचतो. गावांतून तर मी चांगल्या काँक्रीटच्या गल्लीवर थेट ग्रिट टाकून पेव्हर बसवलेले पाहिले आहेत. गल्लीची पातळी घराच्या उंबऱ्याला भिडते आणि पावसाचे पाणी ओट्यावरून आत शिरते. अशी कामे मी केलेली नाहीत असे म्हणण्याइतकी चैन मला त्या काळात परवडत नव्हती. फक्त उताराची दिशा घरांकडून गटाराकडे राहील, एवढा आग्रह मी सोडला नाही.

या फुटकळ कामांचा एक तोटा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची आणि ती चालू ठेवायची, तर मागील वर्षात किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एका मोठ्या साइटवर तो एका सहीत मिळतो. आठवडाभर सोसायटी, चार दिवस मंदिर, दहा दिवस पंचायत असे काम करणाऱ्याला तो द्यायचा कोणी, याचे उत्तर मिळवण्यात माझ्या काही माणसांच्या मुलांच्या मंडळाकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या अडकल्या.

पुढे राज्य सरकारने सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले, घरे पुन्हा विकली जाऊ लागली आणि आम्हाला वाटले की आता वीट परत येईल. ती फारशी आली नाही. नव्या टॉवरमध्ये मिवान शटरिंग आले. त्यात भिंत आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतले जातात. जिथे मिवान नाही तिथे बहुतेक एएसी, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे हलके ब्लॉक आहेत, आणि त्यांचा पातळ सांधा तयार पावडरने लागतो. मिवानचे कारण म्हणून लोक कामाचा वेग सांगतात. माझा तर्क असा की, स्लॅबबरोबर भिंतही उभी राहिली की मघाशी सांगितलेल्या त्या 5 टक्क्यांच्या टप्प्यातले सर्वांत वेळखाऊ काम 70 टक्क्यांच्या आतच उरकते, हेही बिल्डरच्या हिशेबात बसते.

त्यामुळे मंदीतला जोडधंदा आता माझा मुख्य धंदा झाला आहे, आणि वीटकाम कंपाउंड वॉल, बंगले आणि गावाकडची घरे एवढ्यापुरते राहिले आहे. कोटेशन देण्याची पद्धत मात्र मी बदलली. पूर्वी चौरस फुटाचा एकच दर लिहीत असे आणि सोसायटीची मंडळी घासाघीस करू लागली की तो कमी करताना शेवटी खडीच कमी होई. आता खोदाई, खडीचा थर आणि दबाई, ग्रिट, ब्लॉक, कर्ब, मजुरी अशा वेगवेगळ्या ओळी लिहितो. कोणाला स्वस्तात हवे असेल तर रंगीत ब्लॉकऐवजी साधा राखाडी घ्यावा, नक्षी सोडून द्यावी. खडीच्या ओळीवर मी घासाघीस करत नाही, आणि या अटीमुळे दोन-चार कामे दुसऱ्याकडे गेली तर जाऊ देतो.